कुत्रा दुसऱ्यांदा चावला तर दोनच इंजेक्शनं का?

मुंबईतल्या कुठल्याही पालिका रुग्णालयात कुत्रा चावल्याचा केस पेपर काढला की डॉक्टरांचा एक प्रश्न हमखास येतो: "आधी कधी रेबीजचा पूर्ण कोर्स घेतलाय का? कार्ड आहे?" उत्तर 'नाही' असेल आणि चाव्यातून रक्त आलं असेल, तर पुढचा क्रम ठरलेला. साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं जखम धुवायची, जखमेच्या आत आणि भोवती सीरम टोचायचं आणि कातडीत द्यायची लस 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी घ्यायची. उत्तर 'हो, हे घ्या कार्ड' असं असेल तर जखम तशीच धुवायची, पण सीरम लागत नाही आणि लस फक्त 0 आणि 3 या दोन दिवशी.

चावा तसाच, विषाणूही तोच. फरक एवढाच की दुसऱ्या माणसाच्या शरीराची या विषाणूशी ओळख आधीच झालेली आहे. पहिल्यांदा लस घेणाऱ्याच्या रक्तात कामाच्या अँटिबॉडी (जंतूला धरून निकामी करणारी प्रथिनं) दिसायला साधारण 7 ते 14 दिवस लागतात, आणि तेवढे दिवस बिनपहाऱ्याचे जाऊ नयेत म्हणून बाहेर तयार झालेल्या अँटिबॉडी, म्हणजे सीरम, जखमेतच सोडतात. पहिल्या डोसला सात दिवस उलटून गेले असतील तर सीरम देत नाहीत, कारण तोवर शरीराचा स्वतःचा माल यायला लागलेला असतो. जुना कोर्स झालेल्या माणसाकडे हा माल काही दिवसांत आणि भरपूर तयार होतो. रोगप्रतिकारशक्तीची आठवण म्हणजे हे वाचलेले दिवस. कुठल्या आजारात ती पुरते आणि कुठे कमी पडते, हे पुढे पाहताना दिवसांचा हा हिशोब डोळ्यांसमोर ठेवावा.

आधी पहिल्या भेटीत काय होतं ते पाहू. जंतू कातडी किंवा श्लेष्मल आवरण ओलांडून आत आला की पहिल्या काही तासांत तिथल्या भक्षक पेशी त्याच्यावर तुटून पडतात. लाली, सूज, ताप, पू हे सगळं त्यांच्या कामाचं. या पेशी जंतूंच्या ठरावीक खुणा ओळखतात, पण हा गोवराचा आणि हा घटसर्पाचा असा भेद त्यांना करता येत नाही. त्यांच्यातल्याच एका जातीच्या पेशी जंतूचे तुकडे उचलतात आणि लसिकावाहिन्यांमधून जवळच्या लसिका ग्रंथीत नेऊन दाखवतात. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, ते याच ठिकाणी. त्या गाठीत पेशींची संख्या झपाट्यानं वाढत असते, म्हणून ती सुजते आणि दुखते.

या ग्रंथीत बी आणि टी नावाच्या पांढऱ्या पेशींची सतत ये-जा असते. प्रत्येक पेशीच्या अंगावर एकाच नमुन्याचे हजारो ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे जंतूचा तुकडा पकडणारे आकडे) असतात आणि दुसऱ्या पेशीचा नमुना वेगळा असतो. हे नमुने जंतू पाहून बनवलेले नसतात. जंतू येण्याच्या कितीतरी आधी, पेशी तयार होतानाच, जनुकांचे काही तुकडे उलटसुलट जोडून ते घडतात. ही जोडणी कशी होते हे दाखवून दिल्याबद्दल सुसुमु तोनेगावा यांना 1987 चं नोबेल मिळालं. फुटपाथवरच्या चावीवाल्याकडे लाखो चाव्यांचा जुडगा असावा आणि त्यातली एखादी समोरच्या कुलपात थोडीफार फिरावी, तसा हा प्रकार. एखाद्या जंतूच्या विशिष्ट तुकड्याला बसणारी पेशी लाखात एखादी, कधी दहा लाखांत एखादी असते. ती सापडणं, तिला मदतनीस टी पेशीचा होकार मिळणं आणि मग तिच्या हजारो प्रती होणं, यात आठवडा जातो. पहिल्यांदा गोवर किंवा कांजिण्या झालेलं मूल आठवडाभर अंथरुणाला का खिळतं, याचं मोठं कारण हा उशीर.

प्रती झाल्या तरी काम संपत नाही. लसिका ग्रंथीच्या आत छोटी केंद्रं तयार होतात आणि तिथे बी पेशी स्वतःच्या अँटिबॉडीच्या जनुकात मुद्दाम चुका करू लागतात. चावीवाला कानस घेऊन चावी घासत बसतो ना, तसं. फक्त इथे नेम धरून घासणं नाही, हजारो प्रती वेड्यावाकड्या घासल्या जातात. ज्या प्रतीची पकड सैल झाली ती पेशी मरते, जिची घट्ट झाली ती पुढे वाढते. हे चक्र आठवडे, काही वेळा महिने चालतं. त्यामुळे आजार बरा झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी रक्तात असलेल्या अँटिबॉडी पहिल्या आठवड्यातल्या अँटिबॉडींपेक्षा जंतूला कितीतरी घट्ट धरतात. सुरुवातीला येणाऱ्या आयजीएम, नंतर टिकणाऱ्या आयजीजी. तपासणीच्या रिपोर्टवरची ही दोन अक्षरं त्याच क्रमातून येतात.

जंतू संपला की या फौजेतल्या 90 टक्क्यांहून जास्त टी पेशी काही आठवड्यांत मरून जातात. तेच योग्य आहे, नाहीतर प्रत्येक आजारागणिक रक्तात पेशींचा ढीग साचत गेला असता. उरतात त्या आठवणीच्या पेशी, आणि त्या एकाच प्रकारच्या नसतात. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो.

पहिला प्रकार दीर्घायुषी प्लाझ्मा पेशींचा. त्या अस्थिमज्जेत जाऊन बसतात आणि तिथून अँटिबॉडी सोडत राहतात, दर सेकंदाला हजारो. आयजीजीचं रक्तातलं अर्धआयुष्य फक्त तीन आठवडे असतं. याचा अर्थ, लहानपणी झालेल्या गोवराच्या अँटिबॉडी साठाव्या वर्षी सापडल्या तर त्या बालपणच्या नव्हेत. कोणीतरी त्या गेल्या महिन्यातही बनवलेल्या आहेत. दुसरा प्रकार आठवणीच्या बी पेशींचा. या काहीच सोडत नाहीत, प्लीहेत आणि लसिका ग्रंथींत शांत पडून असतात, आणि तोच जंतू पुन्हा दिसला की दोन-चार दिवसांत अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींमध्ये बदलतात. तिसरा प्रकार रक्तातून फिरणाऱ्या आठवणीच्या टी पेशींचा. त्या विषाणूला आत येण्यापासून रोखू शकत नाहीत, पण विषाणू शिरलेल्या आपल्याच पेशी ओळखून मारतात, त्यामुळे आजार हाताबाहेर जात नाही. चौथा प्रकार कातडी, फुप्फुसं आणि आतड्यात मुक्काम ठोकून राहणाऱ्या टी पेशींचा. त्या रक्ताच्या नमुन्यात सापडत नाहीत, पण जंतू जिथून शिरतो त्या दारातच उभ्या असतात.

ही आठवण किती टिकते याचा सगळ्यात सुंदर पुरावा उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवरचा आहे. तिथे 1781 मध्ये गोवराची साथ आली होती आणि नंतर 65 वर्षं गोवर नव्हता. 1846 मध्ये तो परतला तेव्हा साधारण 7,800 लोकवस्तीतले सहा हजारांच्या आसपास लोक आजारी पडले. पाहणीला गेलेल्या पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरला दिसलं की 1781 च्या साथीत गोवर होऊन गेलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. मधल्या 65 वर्षांत बेटावर गोवराचा विषाणूच नव्हता, म्हणजे उजळणीशिवाय आठवण टिकली होती. पुढे 2008 मध्ये, 1918 च्या इन्फ्लुएन्झा साथीतून वाचलेल्या नव्वदी ओलांडलेल्या लोकांच्या रक्तात त्या विषाणूला ओळखणाऱ्या बी पेशी सापडल्या.

रक्तातल्या अँटिबॉडी कमी होणं आणि आठवण जाणं या दोन गोष्टी वेगळ्या, हे मुंबईनं कोविडच्या काळात आकड्यांत पाहिलं. जुलै 2020 मध्ये पालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) यांनी माटुंगा, चेंबूर आणि दहिसर या तीन विभागांत जवळपास सात हजार जणांचं रक्त तपासलं. झोपडपट्ट्यांमध्ये 57 टक्के आणि इतर वस्तीत 16 टक्के लोकांत अँटिबॉडी मिळाल्या. ऑगस्टच्या फेरीत झोपडपट्टीतला आकडा 45 वर आला. नमुने वेगळे होते, त्यामुळे फरकाला इतर कारणंही असू शकतात, पण एक कारण साधं आहे. आजारात घाईघाईनं तयार झालेल्या अल्पायुषी पेशी मरतात, अँटिबॉडी चाचणीच्या मर्यादेखाली जातात आणि 'निगेटिव्ह' असा शिक्का बसतो. आठवणीच्या बी आणि टी पेशी ही चाचणी मोजतच नाही. त्या वर्षी अनेकांनी खाजगी लॅबमध्ये अँटिबॉडी मोजून घेतल्या आणि आकडा घसरला म्हणून धसका घेतला. तो आकडा पूर्ण चित्र दाखवत नव्हता.

मग अँटिबॉडी महत्त्वाच्या नाहीत का? आहेत, आणि कुठे आहेत हे जंतूच्या वेगावर ठरतं. कावीळ ब चा विषाणू शरीरात शिरल्यापासून आजार दिसायला दीड ते सहा महिने लागतात. आठवणीच्या बी पेशींना जागं व्हायला लागणारे दोन-चार दिवस त्यापुढे किरकोळ आहेत. म्हणून तीन डोस नीट झालेल्या निरोगी माणसाच्या अँटिबॉडी पुढे जवळपास शून्यावर आल्या तरी त्याला सहसा बूस्टर लागत नाही. घटसर्पाचं गणित उलटं. तो दोन ते पाच दिवसांत डोकं वर काढतो आणि त्याचं विष काम करून मोकळं होतं. पेशी जाग्या होऊन अँटिबॉडी येईपर्यंत उशीर झालेला असतो. इथे रक्तात अँटिबॉडी आधीपासून फिरत असायलाच हव्यात, म्हणून 16 ते 24 महिने, 5 ते 6 वर्षं, 10 वर्षं आणि 16 वर्षं अशा बूस्टरच्या पायऱ्या आहेत.

धनुर्वाताचं तर आणखी वेगळं. तो होऊन बरा झालेल्या माणसालाही पुन्हा होऊ शकतो. कारण विष इतकं जहाल आहे की जीव घ्यायला पुरणारी मात्रा रोगप्रतिकारक पेशींना जागं करायला पुरत नाही. आजारातून आठवणच तयार होत नाही, फक्त लसीतून होते. त्यामुळे धनुर्वाताच्या रुग्णालाही बरं होताना लस द्यावी लागते. पण याचा अर्थ प्रत्येक खरचटण्याला 'टीटी मारून घ्या' असा नाही. लहानपणचे डोस पूर्ण असतील तर स्वच्छ, किरकोळ जखमेला शेवटच्या डोसनंतर 10 वर्षं आणि माती-शेणाची किंवा खोल जखम असेल तर 5 वर्षं उलटली असतील तरच डोस लागतो. दर सहा महिन्यांनी घेत राहिलं तर रक्तातल्या भरपूर अँटिबॉडी टोचलेल्या लसीला दंडातच गाठतात आणि काही तासांत अख्खा दंड टम्म सुजून ठणकतो. ती ॲलर्जी समजून लोक पुढे कधीच लस घेत नाहीत, हे जास्त वाईट.

शरीराची आठवण चाचण्यांनाही फसवते. पावसाळ्यात मुंबईत तापाच्या रुग्णाची विडाल चाचणी सर्रास होते. ती टायफॉइडच्या जंतूविरुद्धच्या अँटिबॉडी मोजते. पण पूर्वी कधी टायफॉइड किंवा त्याच्या जवळच्या जंतूचा संसर्ग झाला असेल, तर मलेरियासारख्या भलत्याच तापातही जुन्या पेशी चाळवल्या जातात आणि विडाल 'पॉझिटिव्ह' येते. रुग्ण टायफॉइडच्या गोळ्या खात बसतो आणि मलेरिया आत वाढत राहतो. टायफॉइडचा संशय असेल तर पहिल्या आठवड्यात, अँटिबायोटिक सुरू करण्याआधी, रक्ताचं कल्चर पाठवणं जास्त भरवशाचं.

डेंग्यूच्या रिपोर्टमध्ये मात्र हीच आठवण उपयोगी पडते. पहिल्या पाचेक दिवसांत एनएस1 पाहतात, कारण ते विषाणूचंच प्रथिन आहे. आयजीएम साधारण पाचव्या दिवसापासून दिसू लागतं. पण आजाराच्या सुरुवातीलाच आयजीजी भरपूर असेल आणि आयजीएम नावापुरतं, तर हा बहुधा दुसरा डेंग्यू. ही माहिती डॉक्टरांना हवी असते, कारण दुसरा डेंग्यू जास्त धोक्याचा. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकाची आठवण त्या प्रकारापासून दीर्घकाळ वाचवते, इतर तिघांपासून जेमतेम काही महिने. त्यानंतर दुसऱ्या प्रकाराचा विषाणू आला की जुन्या अँटिबॉडी त्याला चिकटतात, पण निकामी करू शकत नाहीत. उलट, अँटिबॉडी चिकटलेलं काहीही गिळण्याची सवय असलेल्या भक्षक पेशी त्याला आत घेतात आणि तो नेमका तिथेच वाढतो. ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस खरे नाजूक. पोटात सतत दुखणं, उलट्या, हिरड्यांतून रक्त, कमालीची सुस्ती यातलं काही दिसलं तर 'ताप गेला ना' म्हणून घरी थांबू नये. वेदनेसाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन तर नाहीच.

बाकी 'मला एकदा झालंय, आता होणार नाही' हे कुठे चालत नाही ते भराभर सांगता येईल. साध्या सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेच्या वर प्रकार आहेत, म्हणून दर पावसाळ्यात नवी सर्दी. लेप्टोचे, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या जंतूचे, तर दोनशेहून अधिक. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर लेप्टो झालेल्या माणसालाही मुंबईतल्या हिंदमातासारख्या भागात साचलेल्या पाण्यातून चालल्यावर डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळी घ्यायलाच हवी. मलेरियाची आठवण अर्धवट असते आणि मलेरियाच्या भागातून माणूस बाहेर पडला की तीही ओसरते. व्हायवॅक्स मलेरिया महिन्यांनी उलटतो तो यकृतात झोपलेल्या परजीवीमुळे, तिथे आठवणीचा दोष नाही.

नागीण मात्र थांबून समजून घेण्याजोगी आहे, कारण ती चाळिशी-पन्नाशीनंतर घरोघरी दिसते. कांजिण्यांचा विषाणू आजार बरा झाल्यावर जात नाही, पाठीच्या कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये लपतो. त्याला डांबून ठेवतात त्या टी पेशी. वय, मधुमेह, स्टेरॉइड, कर्करोगाचे उपचार यांनी त्या टी पेशी कमजोर झाल्या की विषाणू एका मज्जातंतूच्या वाटेनं कातडीवर येतो. अँटिबॉडी भरपूर असूनही हे घडतं. एक मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूला जातो, त्यामुळे पुरळ बहुधा मध्यरेषेशी थांबतं. 'नागिणीची दोन्ही तोंडं मिळाली की माणूस जातो' ही भीती निराधार आहे. गेरू लावत बसण्यात मात्र खरा तोटा होतो, कारण विषाणूविरोधी गोळ्या पुरळ आल्यापासून 72 तासांच्या आत सुरू केल्या तरच त्यांचा पुरेपूर उपयोग.

आणि गोवर. त्याची आठवण जन्मभर टिकते, पण तो दुसऱ्यांच्या आठवणी पुसतो. त्याचा विषाणू ज्या दारानं पेशीत शिरतो ते दार आठवणीच्या बी आणि टी पेशींवर असतं, म्हणून त्याच पेशी मोठ्या संख्येनं मरतात. लस न घेतलेल्या मुलांच्या रक्ताचे गोवराआधीचे आणि नंतरचे नमुने ताडून पाहिल्यावर 2019 मध्ये दिसलं, की इतर जंतूंविरुद्धच्या अँटिबॉडींपैकी 11 ते 73 टक्के गायब झाल्या होत्या. गोवरातून उठलेलं मूल पुढे न्यूमोनिया आणि जुलाबानं आजारी पडत राहतं ते यामुळे. 2022 च्या शेवटी गोवंडी आणि आसपास साथ आली तेव्हा पुरळ आणि ताप एवढंच संकट नव्हतं.

गोवराची लस नऊ महिन्यांआधी का देत नाहीत, हा आयांचा नेहमीचा प्रश्न. वारेतून आलेल्या आईच्या अँटिबॉडी बाळाच्या रक्तात काही महिने असतात आणि लसीतल्या जिवंत, कमजोर केलेल्या विषाणूला वाढण्याआधीच संपवतात. आईच्या अँटिबॉडी उधारीच्या, त्या ओसरतात आणि बाळाची स्वतःची आठवण तयारच होत नाही. नऊ महिन्यांना दिलेला डोस साधारण 85 टक्के मुलांना लागू पडतो. 16 ते 24 महिन्यांचा दुसरा डोस मुख्यतः उरलेल्यांसाठी असतो, पण ती मुलं कोणती हे बाहेरून कळत नाही, म्हणून सगळ्यांना. साथीच्या वेळी सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना दिलेला जादा डोस 'शून्य डोस' मानतात, तो या दोहोंत मोजत नाहीत.

पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या एकत्र लसीचे 6, 10 आणि 14 आठवडे हे अंतरही त्या चावी घासण्याच्या कामासाठी आहे. चार आठवड्यांच्या आत पुढचा डोस दिला तर घासणं अर्धवट असतं आणि आठवण कच्ची राहते. उलट डोसला उशीर झाला, मूल गावी होतं, आजारी होतं, तर पहिल्यापासून सुरुवात करायची नसते. आठवणीच्या पेशी वाट पाहत असतात. राहिलेल्या डोसपासून पुढे जायचं.

जंतूच्या अंगावरचं साखरेचं कवच हा एक जुना अडसर होता. साखर पाहून बी पेशी जाग्या होतात, पण मदतनीस टी पेशींना फक्त प्रथिनांचे तुकडे ओळखता येतात. टी पेशींचा होकार नाही, म्हणजे घासणं नाही आणि टिकाऊ आठवणही नाही. टायफॉइडची जुनी साखरेची लस दोन वर्षांखालच्या मुलांत चालत नसे आणि दर तीन वर्षांनी घ्यावी लागे. उपाय साधा निघाला: साखरेला एक प्रथिन जोडलं. बी पेशी साखर पकडून सगळंच गिळते आणि प्रथिनाचा तुकडा टी पेशीला दाखवते. अशा जोडलसीमुळे नऊ महिन्यांच्या बाळालाही आठवण देता येते. सार्वजनिक कार्यक्रमात ही टायफॉइडची जोडलस जगात सर्वात आधी दिली ती खाडीपलीकडे, नवी मुंबई महानगरपालिकेनं, 2018 मध्ये.

शेवटी पुन्हा त्या कार्डाकडे. अस्थिमज्जेत बसलेल्या पेशी कोणत्या जंतूला ओळखतात हे केस पेपर लिहिणाऱ्या डॉक्टरांना दिसत नाही. कार्ड नसेल आणि कोर्स पूर्ण झाल्याची खात्री देता येत नसेल, तर ते पहिल्यापासून सगळं देतील, सीरमसकट, आणि तेच बरोबर. म्हणून रेबीज, धनुर्वात, कावीळ ब आणि मुलांच्या सगळ्या लसींच्या कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या तरी फोनमध्ये ठेवावा. त्यात लसीचं नाव, प्रत्येक डोसची तारीख, दवाखान्याचा शिक्का वाचता यायला हवा. पावसात भिजून शाई गेलेलं कार्ड कितीही जपून ठेवलं तरी उपयोगाचं नाही.